फिराय आलोय

आमच्या वस्तीत विनाकारण कुणी चालत नसे. चालणं म्हणजे कुठून तरी कुठं तरी जाणं, आणि जाताना किंवा येताना डोक्यावर, कमरेवर, निदान हातात काहीतरी असणं. पाण्याची घागर, जळणाची मोळी, वैरणीचा भारा, दळणाचा डबा. रिकाम्या हातानं लगबगीनं जाणारं माणूस दिसलं की समजायचं, एक तर कुणी मेलंय, नाहीतर कुणी अडलेली बाई आहे. अशा वस्तीतून माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, दर रविवारी सकाळी धुतलेला पांढरा सदरा घालून, मला बरोबर घेऊन, हातात काही एक न घेता नदीकाठच्या राईत फिरायला जात. एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे, असं आजच्या माणसाला वाटेल. म्हणून तर सांगायला बसले आहे.

आमचं गाव कोल्हापूरपासून सायकलच्या टप्प्यात, पंचगंगेच्या काठाला. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, तिच्या तोंडाशी पत्र्याचं छोटं विहार, आणि विहाराला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. त्या घराचा दिवस आईच्या भाकरीनं सुरू व्हायचा. अंधारातच परातीत पीठ मळल्याचा घस्‌घस्‌ आवाज, मग थापटण्याचा, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. आणि या सगळ्याच्या मधून अण्णांचा खोकला. तो खोकला आमच्या घराचा पाचवा माणूस होता. मी, माझी धाकटी बहीण, आई, अण्णा आणि खोकला. लांबून तो ऐकला तरी वस्तीतलं कुणीही सांगायचं, म्हादबा आला बघा.

अण्णा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत होते. काळ्या वाळूचे साचे करायचे, त्यात भट्टीतला लाल रस ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा. सायकलवरून घरी आले की डोळ्यांतलं पांढरं आणि दात एवढंच उजळ दिसायचं. आई न्हाणीत पाणी काढून ठेवायची, पण कानाच्या पाळीमागची आणि नखांतली वाळू कधी गेली नाही. आत गेलेली तर नाहीच नाही. शहरातल्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासली, पाठ ठोकून पाहिली आणि विचारलं, तुमच्या गावात झाडी आहे का? नदीकाठाला आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग औषधाबरोबर चालायलाही जात जा, सकाळच्या हवेत, सावकाश. अण्णांना आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरेच हुकूम सोडले होते, पण फिरायला जा असा हुकूम पहिल्यांदाच मिळाला. त्यांनी तो फार मनावर घेतला.

राईतली वाट मोठी सोपी होती. आमच्या वस्तीपासून गाडीवाटेनं निघायचं, ओढ्याच्या कडेनं आंब्याच्या झाडांतून खाली उतरायचं की डोह यायचा. डोहापासून नदीच्या काठानं करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज यांच्या दाट सावलीतून चालत राहिलं की वाट गोल फिरून पुन्हा विहाराच्या मागं निघायची. चढ नाही, दगडधोंडा नाही. म्हातारं माणूसही सहज करील असा फेरा. अण्णांना मात्र मध्ये दोनतीनदा बसावं लागे. उंबराच्या मुळांवर बसून ते श्वास गोळा करत आणि मी नदीकडं बघत राही. खंड्या पक्षी फांदीवरून असा सुटायचा की पाण्यात निळी ठिणगी पडल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात करंजाच्या फुलांचा सडा पडायचा आणि त्यावरून चालताना पायाला काहीच वाटायचं नाही, जणू आपलं वजनच गेलं. शाळेत मी हुशार होते, घरात लाडकी होते, पण मी कुणीतरी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या सड्यावर.

आईला हे काहीच पटत नव्हतं. ती आबासाहेबांच्या मळ्यात रोजानं भांगलायला, म्हणजे पिकातलं तण खुरपायला, जायची. आबासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर. नदीकडेचा सगळा ऊस त्यांचा. राई त्यांची की सरकारची हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्या सगळ्यांनी ती आबासाहेबांचीच धरली होती. तिथं जायला बंदी नव्हती, हे समजून घ्यायला हवं. आमच्या बायका तिथून जळण आणत, गुराखी गुरं नेत, परीट धुणं धूत. कामाला गेलेलं माणूस चालायचं. फिरायला गेलेलं चालायचं नाही. फिरायचे फक्त आबासाहेब, संध्याकाळी, चांदीच्या मुठीची काठी घेऊन, आणि कधी शाहूपुरीतले त्यांचे व्यापारी पाहुणे आले तर तेही.

म्हणून आई पहिल्या रविवारी दारात बुट्टी घेऊन उभी राहिली. फिरा, पण येताना बुट्टीभर काटक्या आणा, म्हणजे बघणाऱ्याला वावगं वाटणार नाही, असं तिचं म्हणणं. अण्णांनी बुट्टी घेतली, बघितली आणि परत तिच्या हातात दिली.

"बुट्टी घेतली की मी कामाला गेलो," ते म्हणाले. "न्हाय घेतली तर फिराय गेलो. एवढाच फरक हाय, आन मला त्योच पायजे."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं कमी, आवाज खोकल्यानं बसलेला. पण हे वाक्य मी पुढं किती सभांमधून किती मोठ्या लोकांची भाषणं ऐकली तरी विसरू शकले नाही.

दोनचार रविवार कुणी लक्ष दिलं नाही. मग एकदा आबासाहेबच समोर आले. त्या दिवशी ते सकाळचे निघाले होते. अण्णांनी रामराम न करता जय भीम केला आणि बाजूला न होता उभे राहिले. वाट दोघांना पुरेल एवढी रुंद होती, पण सवय तशी नव्हती. आबासाहेबांनी आधी सदऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या धुतलेल्या परकराकडं, मग आमच्या हातांकडं.

"काय म्हादबा, हिकडं कुठं?"

"फिराय आलोय."

"फिराय? ते कशापायी?"

"फिरायपायीच."

आबासाहेब हसले. चांगलं हसले, रागानं नाही. फौंड्रीवाला साहेब झाला म्हणायचा, असं काहीतरी म्हणून पुढं गेले. पण दुसऱ्या दिवशी मळ्यात मुकादमानं सगळ्या बायकांसमोर आईला विचारलं की घरात काम उरलं नाही काय गं तुझ्या नवऱ्याला. बायका हसल्या. ताराआत्या, अण्णांची सख्खी बहीण, तीही हसली, कारण मुकादम हसला की हसायचं हे ठरलेलं होतं. त्या रात्री आई जेवायला वाढत होती. भाकरी ताटात ठेवायची ती टाकायला लागली. शेवटी म्हणाली की आपल्या पोटाचं दार त्या मळ्यातनं उघडतं, तुमची छाती मला कळते, पण ते दार तुम्ही लाथेनं लावू नका. अण्णा खाली मान घालून जेवले. रविवारी पुन्हा सदरा घातला.

इथं जरा थांबते. आता मी शहरात लेकीकडं राहते. गारगोटीच्या शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्या राईत आता कमान आहे, बाकडी आहेत, झाडांना नावांच्या पाट्या आहेत, आणि रविवारी सकाळी शहरातून मोटारी भरभरून लोक येतात. लेकीनं घेऊन दिलेले बूट घालून मीही जाते. मध्ये एका सद्‌गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, आजी, ही मॉर्निंग वॉकची सवय कधीपासूनची? मी म्हटलं, तुमच्या आधीपासूनची. ते हसले. मी हसले नाही. आमच्या समाजाच्या कार्यक्रमांत मला बोलावतात तेव्हा माझ्याकडून दुःखाच्या गोष्टींची अपेक्षा असते. पाणी, पाणवठा, उपास. त्या आहेत माझ्याकडं, नाहीत असं नाही. पण मी माईकसमोर उभी राहिले की फिरायला गेल्याचं सांगते. संयोजक अस्वस्थ होतात. होऊ देत. आम्ही काय सोसलं एवढंच आमच्याबद्दल माहीत असावं, हे मला मान्य नाही. आम्हाला काय आवडायचं तेही माहीत असलं पाहिजे.

तर तो आंब्याच्या दिवसांतला रविवार. आदल्या रात्री ओढ्याकडेच्या झाडांवरचे पाड लागलेले आंबे कुणीतरी उतरवून नेले होते. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. घरून निघताना रविवारच्या वजडीसाठी आईनं वाटण वाटून ठेवलं होतं, त्याचा वास अण्णांच्या सदऱ्यालाही लागला होता. आई मात्र मळ्यात गेली होती. रोजगारी बायकांना रविवार नसतो. ओढ्यापाशी पोचलो तर वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या आणि पलीकडं आबासाहेबांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे मालक म्हणत, दोन गडी घेऊन उभा. धाकटे मालक शहरात कॉलेजात शिकत होते. केसांचा कोंबडा, हातात घड्याळ. वडिलांसारखं हसणं त्यांना येत नव्हतं.

त्यांनी विचारलं, आंबे कुठं लपवले. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले आणि पालथे करून दाखवले.  मग धाकटे मालक गड्याला म्हणाले, पोरीचा ओचा बघ. आमच्याकडं परकराचा पुढचा घोळ वर धरून त्यात शेंगा, बोरं, काहीही भरून आणायची पद्धत, त्याला ओचा म्हणतात. माझ्या परकराला त्या दिवशी घोळही नव्हता. मी दोन्ही हातांनी परकर घट्ट धरला. मी तेरा वर्षांची होते आणि तो गडी मला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं मालकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक पाऊल पुढं टाकलं.

अण्णा मध्ये आले. "पोरीला हात लावायचा न्हाय," एवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं आणि पुढचं खोकल्यानं गिळलं. असा खोकला मी त्याआधी ऐकला नव्हता. ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकले, तरी मला पाठीशी धरून राहिले. धाकटे मालक म्हणाले की नाटक करू नकोस. मला त्या क्षणी भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस आता इथंच मरणार आणि हे लोक तरीही माझा परकर बघणार.

उसाचं रान ओढ्याला लागूनच होतं. त्या खोकल्याला वाटा माहीत होत्या. सरीसरीतून आवाज करत, पानं बाजूला सारत आई बाहेर आली. कासोटा घातलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात खुरपं, उसाच्या पात्यांनी गालावर ओढलेल्या रेघा. तिच्यामागं बांधावर एकेक बाई येऊन उभी राहिली, ताराआत्या सगळ्यांत पुढं. आईनं अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, खोकला थोडा उतरेपर्यंत थांबली. मग विचारलं, काय झालं. गड्यानंच सांगितलं, जमिनीकडं बघत.

मला वाटलं, ती माफी मागणार. तिला मागताना मी पाहिलं होतं. मुकादमाची, दुकानदाराची, एकदा तर माझ्या शाळेतल्या बाईंचीही.

"तिच्या ओच्यात काय न्हाय," आई म्हणाली. "आन असतं तरी तुमी बघायचं न्हाय."

आवाज चढवलेला नव्हता. आमच्या भागात साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं, पण आई त्या दिवशी इतकं हळू बोलली की बांधावरच्या बायका पुढं वाकल्या. धाकट्या मालकांनी सांगितलं, हौसा, तू सरीला लाग, तुझा यात संबंध नाही. तिनं खुरपं ताराआत्याकडं दिलं आणि घरी न्यायला सांगितलं. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, अगं हौसे, येडी झालीस काय, उद्याचं काय करशील. आईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"आज काम न्हाय," ती मालकांना म्हणाली. "मी बी फिराय आलोय."

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुढं शिक्षक होण्याच्या कॉलेजात मला त्यावरून फार हसले, म्हणून लिहिताना मी 'गेले' लिहिते. बोलताना आजही 'गेलो'च म्हणते, आणि कुणी हसलं तर मला आईचं ते वाक्य आठवतं आणि हसणाऱ्याची कीव येते.

मग ती वाकली आणि बाभळीची फांदी ओढायला लागली. नुसत्या हातानं. गड्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. मालक बोलत राहिले, पोलीस, चावडी, उद्यापासून मळ्यात पाय, असं काय काय, पण फांद्या बाजूला होत होत्या आणि तिच्याशी बोलावं असं तिनं काही ठेवलंच नव्हतं. शेवटची फांदी सरकली तेव्हा तिच्या उजव्या तळव्यातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तिनं माझा हात डाव्या हातात घेतला आणि आम्ही तिघं धाकट्या मालकांच्या शेजारून, त्यांच्या अत्तराचा वास येईल इतक्या जवळून, पुढं गेलो. अंगाला हात कुणी लावला नाही. बांधावरच्या बायकांपैकी आमच्याबरोबर कुणी आलं नाही.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे मागं काही राहणार नाही. आईचं त्या मळ्यातलं काम गेलं. वस्तीतल्या बाकीच्या बायकांनाही काही दिवस बोलावलं नाही, आणि त्यातल्या दोघी आईशी बोलेनाशा झाल्या. हाल झाले. नुसती चटणी आणि भाकरी, तीही बेतानं. अण्णांनी फौंड्रीत जादा पाळी धरली आणि त्यांची छाती आणखी खचली. पण आबासाहेबांच्या खोडव्याच्या उसात तण गुडघ्याएवढं माजलं आणि दुसऱ्या गावच्या बायका मिळेनात, तेव्हा मुकादम स्वतः वस्तीत आला. बायका विहारापुढं बसून होत्या. ताराआत्या म्हणाली, येतो, पण वाटेवर काटा दिसता कामा नये आणि रविवारी आम्ही येणार नाही. मुकादमानं विचारलं, रविवारी काय आहे? आत्यानं सांगितलं, फिराय जातो. हीच ती आत्या. आबासाहेबांनी ते मान्य केलं. आई मात्र त्या मळ्यात परत गेली नाही. शहरात एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली आणि मरेपर्यंत कोवळ्या बाळांना न्हाऊ घालत राहिली. पुढं कितीतरी रविवारी बायकांचा घोळका राईत जायचा, आणि इतका गलका करायचा की अण्णा कुरकुरायचे, आता एक पाखरू दिसत नाही. ते त्यानंतर सात उन्हाळे जगले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके जगतील असं वाटलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं, डोहावरचं.

ओढ्यापासून डोहापर्यंत आई अवघडून चालत होती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. कधी पदर खोचायची, कधी माझ्या वेणीला हात लावायची. वाकून काटकी उचलायची आणि उचलल्यावर अण्णांकडं बघून टाकून द्यायची. डोहावर अण्णांनी तिला दगडावर बसवलं, तळवा पाण्यात धरला आणि नखानं काटे काढले. ती पाण्याकडं बघत होती. म्हणाली, इथं इतकं गार असतं होय. चार पावलांवरच्या उसात ती किती वर्षं वाकत होती, आणि हे तिला माहीत नव्हतं. मग ती करंजाखाली गेली, फुलांच्या सड्यावर आडवी झाली, पदर तोंडावर घेतला, आणि बघता बघता झोपली.

मी आईला दिवसाउजेडी झोपलेली कधीच पाहिली नव्हती. रात्रीचीही क्वचितच, कारण मी झोपेपर्यंत ती जागी असायची आणि उठेपर्यंत उठलेली. पदर घसरला. तिचं तोंड किंचित उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती, आणि ती माझ्या बहिणीसारखी दिसत होती. पायांवरचा चिखल वाळून पांढरा होत चालला होता. अण्णा तिच्या उशाशी बसून करंजाच्या डहाळीनं माश्या वारत होते आणि आलेला खोकला तोंड मिटून आतल्या आत जिरवत होते. मला खूप भूक लागली होती, तरी मी जाऊ या म्हटलं नाही.

ऊन चढल्यावर ओढ्याकडून मुकादम आला. मालकांनी पाठवलं आहे, असं तो लांबूनच सांगत आला. झालं ते झालं, हौसानं येऊन तेवढी सरी पुरी करावी, नाहीतर उद्यापासून तिनं यायचंच नाही. तो अगदी जवळ आला आणि त्याला आई दिसली.

"हळू बोला, मुकादम," अण्णा म्हणाले. "झोपलीया ती."

 मुकादमाला असला निरोप कधी कुणी दिला नसावा. त्यानं खरोखरच आवाज खाली आणून विचारलं, मग मालकांना काय सांगू?

"हेच सांगा. झोपलीया म्हणून."

तो आला तसा गेला. अण्णांनी डहाळी दुसऱ्या हातात घेतली. दुपार कलली तरी आम्ही तिला उठवलं नाही.